क्लिक करा म्हणे! कशाने करू?

कीबोर्ड आणि माऊस दोन्ही एकदम मेले की जगातला प्रत्येक शहाणा माणूस जो उपाय सांगतो, तो करायला कीबोर्ड नाहीतर माऊस लागतो. हे एकाच्याही डोक्यात येत नाही? ‘डिव्हाइस मॅनेजर उघडा.’ ‘ड्रायव्हर अपडेट करा.’ ‘सेटिंग्जमध्ये जाऊन ट्रबलशूटर चालवा.’ अहो, कशाने चालवू? नाकाने?

काल आम्ही लेकीचा इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरत होतो. शेवटचा दिवस. कॉलेजांचा क्रम लावून झाला होता, त्यावरून घरात यथासांग भांडणही होऊन गेलं होतं, फक्त कन्फर्म करायचं राहिलं होतं. आणि माऊसचा बाण एका ओळीवर जाऊन बसला तो बसलाच. कीबोर्ड बडवला, ढिम्म. फॉर्मचं काय ते लेकीने मोबाईलवर उरकलं, तिला माझ्यापेक्षा अक्कल जास्त. पण माझं डोकं तोवर सटकलं होतं.

वायरलेस जोडी आहे, दोघांना मिळून एकच डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टात खोचायचा तो सिग्नल पकडणारा तुकडा. दोन्ही एका क्षणी गेले म्हणजे सेल संपलेले नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी नवऱ्याने टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून घातले. मग टीव्हीही बंद. डोंगल पुढून काढून मागे खोचला, मागून काढून पुढे. मागे निळा, म्हणजे यूएसबी ३.० चा पोर्ट होता त्यात नाही ठेवला, कारण तसल्या पोर्टजवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या डोंगलच्या सिग्नलमध्ये गोंधळ होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच कागदावर मांडलंय. तरी कॉम्प्युटर बनवणारे ते पोर्ट एकमेकांना चिकटवूनच देतात! असो. शेवटी माळ्यावरून जुना वायरवाला सेट काढला. माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा मस्त लागला. बाण मात्र हलेना. कॅप्स लॉक दाबला तर त्याचा दिवा लागेना. म्हणजे पोर्टातून पाच व्होल्ट येतायत, पण पलीकडे ऐकायला कुणी नाही.

मग फोन सुरू. कीबोर्डच्या कंपनीचा माणूस म्हणतो, “मॅडम, आधी आमचं सॉफ्टवेअर डाउनलोड करून घ्या.” आमच्या नेहमीच्या दुकानदाराने तर काही न बघताच निदान केलं, “ताई, मदरबोर्डच गेला असणार. सीपीयू घेऊन या.” भाचा म्हणाला, “मावशी, पॉवरचं बटण दाबून बंद कर, प्लग काढ, थोडा वेळ थांब, मग लाव.” हा सल्ला एकाने नाही, सगळ्यांनी दिला. केलं. चालू झाला, आणि पुन्हा तेच. बाण मधोमध, आम्ही त्याच्या तोंडाकडे बघतोय.

आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. बटण दाबून तुम्ही कॉम्प्युटर बंद करता ना, तो बंद होतच नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाचं प्रकरण त्यात घुसवलंय. तुम्ही शटडाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, ड्रायव्हरांसकट (म्हणजे कीबोर्ड-माऊससारख्या वस्तू चालवणारे प्रोग्रॅम), आहे त्या अवस्थेत डिस्कवर एका फाइलमध्ये लिहून ठेवला जातो. पुन्हा चालू केलं की तीच फाइल परत मेमरीत. का, तर काही सेकंद लवकर सुरू व्हावं म्हणून. यूएसबीचा ड्रायव्हर गोंधळलेल्या अवस्थेत गोठला असेल तर तो तसाच गोंधळलेला उठतो. प्लग काढा, रात्रभर ठेवा, गावाला जाऊन या, फाइल डिस्कवर आहे ती आहेच. नीट, पहिल्यापासून सुरू करायचं तर ‘रिस्टार्ट’ करायचं. रिस्टार्ट कशाने करायचं? माऊसने!

हार्डवेअर ठणठणीत आहे हे कळलं ते वेगळ्याच वाटेने. चालू होता होता डिलीट बटण दाबत राहिले, तर बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मशीनच्या सेटिंग्जची, स्क्रीन उघडली आणि त्यात बाणाची बटणं झकास चालली. तोच कीबोर्ड, तेच पोर्ट. मदरबोर्ड गेला म्हणे! म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी सगळं ठीक, विंडोज आलं की मुकं. मग विंडोज चालू असतानाच पॉवरचं बटण दाबून धरलं, स्क्रीन काळी होऊन पंखा थांबेपर्यंत. असं आडदांडपणे बंद केलं की त्याला ती फाइल लिहायला वेळच मिळत नाही. पुन्हा चालू केला. बाण हलला. कोपऱ्यात ऐटीत सूचना: नवीन माऊस वापरायला तयार आहे.

‘उगीच बटण दाबून धरू नका, डेटा जातो’ हे सगळे बजावतात, आणि ते बरोबरही आहे, रोज करायची गोष्ट नाहीच ती. पण नुसतं दाबणं आणि दाबून धरणं यात काय फरक पडतो, हे एकाने तरी सांगावं की नाही?

आणि अडचणीच्या सोयी तरी काय! माऊस बंद पडला तर डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबा, नंबरांच्या बटणांनी बाण हलवता येतो. कीबोर्ड बंद पडला तर स्क्रीनवर कीबोर्ड येतो, त्यावर माऊसने टिचकी मारा. दोन्ही एकदम गेले तर? तर बसा. जुन्या कॉम्प्युटरवर ‘कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा’ असं यायचं, त्याला आपण हसायचो. त्याच जातीचा प्रकार मायक्रोसॉफ्टने आत्ता-आत्ता करून दाखवला. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटने रिकव्हरीच्या स्क्रीनवर यूएसबीचे कीबोर्ड-माऊस चालेनासे झाले. म्हणजे विंडोज बिघडलं की दुरुस्तीला ज्या खोलीत जायचं, तिथेच हात बांधलेले! दुरुस्तीचं अपडेट २० तारखेला आलं. तोवर ज्यांच्याकडे जांभळ्या-हिरव्या गोल पोर्टचा, १९८७ सालच्या पीएस/२ धाटणीचा कीबोर्ड होता, त्यांचं काम भागत होतं.

फास्ट स्टार्टअप आता बंद करून टाकलंय. तेही सरळ नाही. कंट्रोल पॅनेल, त्यात पॉवर ऑप्शन्स, त्यात ‘पॉवरच्या बटणांनी काय करायचं’, तिथे खूण असते पण फिकट. आधी वरच्या वेगळ्याच ओळीवर क्लिक करून परवानगी मागायची, मग ती खूण काढता येते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मशीनवर.

आज सकाळी दुकानदाराचा फोन. “ताई, सीपीयू आणताय ना? बोर्ड मागवून ठेवू का?”

म्हटलं ठेवा मागवून, आणि लावा तुमच्याच कॉम्प्युटरला.