लांब टाळू घोड्याला चालते, मग पगला का नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. मऊ टाळू, म्हणजे तोंडाच्या छताचा मागचा, हाड नसलेला भाग, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. घोडा तोंडाने श्वास घेत नाही हे तुम्हाला पटत नाही, कारण माथेरानच्या चढावर तोंड उघडून दमलेले घोडे तुम्ही पाहिलेत. आणि लांब टाळू घोड्याला सोयीची, पगला (चपट्या तोंडाच्या कुत्र्याला) मात्र आजार, हा दुटप्पीपणा झाला, असं तुम्ही म्हणता. तुमचा पग लहानपणापासून घोरतो आणि मजेत आहे. दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे, पण आधी घोड्याकडे वळू.

घोड्याचं तोंड उघडं दिसतं ते बहुतेक वेळा लगामामुळे. पुढच्या वेळी त्याच्या नाकपुड्या बघा, दमला की त्या केवढ्या फुलतात! त्याची मऊ टाळू साधारण 15 सेंटिमीटर लांब. ती जिभेच्या मुळावर टेकलेली असते आणि एपिग्लॉटिस, म्हणजे श्वासनळीच्या तोंडावरचं झाकण, तिच्या मागच्या कडेवर बसलेलं असतं. नाकातून एंडोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी, घातला की हे स्वच्छ दिसतं: दातेरी कडांचं त्रिकोणी पान, त्यावर बारीक रक्तवाहिन्या, खाली गुळगुळीत टाळू. गिळण्याचा क्षण सोडला तर तोंडातून श्वासनळीकडे वाटच उरत नाही. पोटातलं पाणी उलटलं तर घोड्याच्या नाकातून येतं, ते याच रचनेमुळे. शर्यतीत ऐन वेगात टाळू निसटून एपिग्लॉटिसच्या वर आली, की ते पान दिसेनासं होतं, श्वास सोडताना घरघर सुरू होते आणि घोडा एकाएकी मागे पडतो. गिळल्यावर बहुधा ती जागेवर जाते. गायीला हे बंधन नाही. मे महिन्यात संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते, ती खरोखर तोंडानेच श्वास घेत असते.

आता तुमचा पग. टाळू लांब की आखूड, हे त्या जनावराच्या घशाच्या मापावर ठरतं. घोड्याची टाळू त्याच्या लांबलचक घशात बरोबर बसते. पगची कवटी माणसानं निवडून निवडून आखूड केली. आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. कुत्र्याच्या टाळूचं टोक एपिग्लॉटिसपाशी संपायला हवं. पगमध्ये ते बरेचदा जाड होऊन पुढे स्वरयंत्रात लोंबतं आणि दर श्वासाला आत खेचलं जातं. नाकपुड्याही चिरेएवढ्या, म्हणून तो जास्त जोर लावतो, आणि तेवढी टाळू अजून आत ओढली जाते, सुजते. तुम्ही ऐकता ती घरघर हीच. वर्षानुवर्षं हा ताण सोसून स्वरयंत्राची कूर्चा, म्हणजे त्याला आधार देणारं मऊ हाड, ढासळू शकते. शिवाय कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. ती वाटच अरुंद असेल तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.

घोरणारा प्रत्येक पग ऑपरेशनला न्या, असं मी म्हणत नाही. पण तुमचा कुत्रा जागेपणीही आवाज करतो का, झोपेत दचकून उठतो का, थोडं चाललं तरी बसतो का, हे नीट बघा. असेल तर पशुवैद्यांकडून घसा तपासून घ्या. जास्तीची टाळू कापता येते, नाकपुड्या रुंद करता येतात, आणि स्वरयंत्र ढासळण्याआधी केलं तर गुण चांगला येतो. तोवर वजन उतरवा, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घाला आणि दुपारच्या उन्हात त्याला बाहेर काढू नका. हिरड्या निळसर दिसल्या तर मात्र थांबू नका, तडक दवाखाना गाठा.