पाय मोडलेल्या कुत्र्याला ‘आपोआप बरं होईल’ म्हणून सोडू नका

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपांवरून आला. रस्त्यावरच्या कुत्र्याचा पाय मोडला तर ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका, असं त्यात लिहिलंय. गावठी कुत्र्याचं हाड आपोआप जुळतं, हळद-चुन्याचा लेप आणि बांबूच्या पट्ट्या पुरतात. दुखत असेल तर आपलीच अर्धी गोळी द्यावी. ऑपरेशन करून दोन-दोन महिने पिंजऱ्यात डांबणं म्हणजे पाप, आणि एवढं करून कुत्रं लंगडंच राहतं.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. पण माझ्या घरी चिंगी आहे. दीड वर्षाची गावठी कुत्री, सिंहगड रोडवर मोटारसायकलची धडक बसलेली. मांडीचं हाड मधोमध तुटलं होतं, ऑपरेशन करून आत रॉड घातला. त्यानंतरचे आठ आठवडे मी तिला सांभाळलं, म्हणून हे लिहितेय.

हाड जुळतं, हे खरंच. पण तुटलेली टोकं एकमेकांवर चढलेली असली तरी शरीर ती तशीच सांधून टाकतं. पाय आखूड होतो, वाकडा होतो, आणि पुढे खुब्यावर, गुडघ्यावर सगळा ताण येतो. गुडघ्याखालचं हाड साधं तडकलं असेल, कुत्रं लहान असेल, तर प्लास्टरवर भागतंही. ते एक्स-रे पाहून डॉक्टर ठरवतात. मांडीचं तसं नाही. पट्टी उपयोगी पडायची तर तुटलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे तिने धरून ठेवले पाहिजेत. मांडीच्या वर खुबा. तो पट्टीत धरणार कसा? पट्टी घसरून खाली येते आणि तिचं ओझं नेमकं मोडलेल्या जागी लोंबकळतं. घट्ट बांधली तर बोटं सुजतात, गार पडतात, रक्त पोचलं नाही तर पाय सडतो.

सगळ्यात वाईट हाल पिल्लांचे होतात. मांडीचं हाड मोडलेल्या पिल्लाचा पाय सरळ ताणून बांधून ठेवला, की मांडीचे पुढचे स्नायू आखडतात आणि हाडाला चिकटतात. गुडघा वाकेनासा होतो, पाय काठीसारखा ताठ राहतो. हे काही आठवड्यांत घडतं आणि पुन्हा सुधारणं जवळजवळ अशक्य असतं. काही वेळा पाय कापावा लागतो. ‘नुसती पट्टी बांधली, नुकसान तर नाही ना’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

गोळीबद्दल थोडक्यात सांगते, पण हे जिवावरचं आहे. ब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल यकृतावर जातं. शिवाय माणसाची गोळी आधीच पोटात गेली असेल, तर डॉक्टरांना त्यांचं वेदनाशामक लगेच सुरू करता येत नाही. म्हणजे मदत करायला गेलो आणि त्याचं दुखणं लांबवलं.

आता पिंजरा. दहाव्या-बाराव्या दिवशी टाके सुकले, औषधाने दुखणं थांबलं, आणि चिंगीला वाटलं आपण बरे झालो. हाड मात्र तेव्हा जेमतेम धरू लागलेलं असतं. एक उडी सोफ्यावर, एक घसरण गुळगुळीत फरशीवर, की रॉड सरकतो आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून पिंजरा. आणि पिंजरा म्हणजे कोंडून विसरून जाणं नव्हे. दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं पट्ट्यावर बाहेर, पोटाखाली टॉवेलची झोळी धरून. तीन वेळा तिला कुशीवर निजवून गुडघा हळूहळू वाकवायचा, सोडायचा, दहा-पंधरा वेळा. फरशीवर गोणपाट अंथरलेलं. पाय वापरला नाही तर मांडी झपाट्याने वाळते. तिची दुखरी मांडी माझ्या मुठीत मावायला लागली होती. चौथ्या आठवड्यात गॅलरी धुतली आणि ती ओल्या पायांनी आत आली. तोवर तीनच पंजे उमटायचे. त्या दिवशी चौथा उमटला, फक्त मधल्या दोन बोटांचा, पुसट. मी त्यावर कितीतरी वेळ पाय पडू दिला नाही.

राहिला लंगडेपणाचा मुद्दा. आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. आज ती जिना चढते. थंडीत सकाळी थोडी लंगडते, मग पाय मोकळा होतो. सगळ्यांचा पाय वाचतो असं मी म्हणणार नाही. पण कुत्र्याच्या अंगाचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे मागचा एक पाय गेला तरी बहुतेक कुत्री धावती-फिरती राहतात. चिंगीला मी त्याच रहदारीत परत सोडणार नाही. तिच्यासाठी घर शोधतेय.

खर्च मोठा असतो, हे मान्य. पण आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. मुंबईत परळला 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळलाही आहे. पैशांपेक्षा अडतं ते आठ आठवडे घरात जागा देणाऱ्या माणसावाचून. डॉक्टर तयार असतात, वर्गणी जमते, आणि ‘नंतर ठेवणार कुठे’ इथे सगळं थांबतं.

अपघात समोर झालाच तर पाय ओढू नका, सरळ करू नका. वेदनेने ओळखीचं कुत्रंही चावतं, म्हणून ओढणीने तोंड सैलसर बांधा. श्वास लागत असेल किंवा उलटी होत असेल तर तेही नको. मग फळीवर किंवा जाड चादरीवर सरकवून घ्या, आणि थेट डॉक्टरकडे.