दुःखात असताना देवाची स्तुती करणं खोटं असतं का? एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

जय ख्रिस्त ताई. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, आणि दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं नाही म्हणून हे वेगळं लिहून राहिलो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी बायबलमधल्या स्तोत्र 100 वर लिहिलं होतं की हर्षानं परमेश्वराची सेवा करा, आभार मानत त्याच्या अंगणात या, ही आज्ञा आहे, मूड असला तर करायची गोष्ट नाही. त्यावर ताई म्हणतात, "माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू आहे. आनंद काय नळ आहे का, चालू म्हटलं की चालू व्हायला? आमच्याकडे गाणी घेणारे माइकवरून सांगतात चेहऱ्यावर स्माइल आणा. मला ते खोटं वाटतं. देवाला खरेपणा आवडतो, म्हणून मी सध्या गातच नाही. आणि ते ढोलक-टाळ्या पण बंद करा, चर्चमध्ये गंभीरपणा राहिलाच नाही."

माइकवरून स्माइल आणा म्हणतात ते मलाही पटत नाही ताई, अजिबात नाही. रात्रभर दवाखान्यात बाकड्यावर बसून सकाळी चर्चला आलेल्या बाईनं कोणासाठी हसायचं? पवित्र शास्त्रात असं कुठंच नाही. उलट दीडशे स्तोत्रांमध्ये रडगाऱ्हाणी किती आहेत पाहा, स्तोत्र 88 तर सुरुवातीपासून अंधारात आहे आणि संपतंही अंधारातच, शेवटी एकही आशेची ओळ नाही, आणि तरी ते देवाच्या मंदिरात गायच्या गाण्यांमध्ये ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे रडणं हीसुद्धा उपासनाच आहे, देवापुढं रडलं तर. सगळं गमावलेला ईयोब राखेत बसून देवाशी भांडला आणि देवानं शेवटी त्याच्याच बाजूनं बोलून त्याच्या मित्रांना झापलं, जे मित्र सगळी बरोबर-बरोबर उत्तरं देऊन राहिले होते.

पण तुमचं पुढचं वाक्य, की मन भरून येत नाही म्हणून मी गात नाही, कारण देवाला खरेपणा आवडतो, इथं मात्र मी तुमच्यासोबत नाही. खरेपणा म्हणजे आत्ता आत जे वाटतंय तेवढंच, असं आपण धरून चाललो तर मग आपलं मनच देव झालं नं. देव चांगला आहे हे माझ्या मनाला आज जाणवत नसलं तरी ते खरंच आहे, आणि खरं ते तोंडानं म्हणणं हा ढोंगीपणा कसा होईल?

योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय काढा. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेजवळ येशू रडला, सगळ्यांसमोर रडला, आणि थोड्याच ओळींनंतर धोंड बाजूला सारल्यावर वर पाहून काय म्हणतो, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. लाजर अजून जिवंत होऊन बाहेर आलेला नाही बरं का. डोळे ओले असतानाच आभार आहेत.

आणि त्याहून मोठी गोष्ट येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्रीची आहे, जी आपण पटकन वाचून पुढं जातो. मत्तय आणि मार्क दोघंही लिहितात की गीत गाऊन ते जैतुनांच्या डोंगराकडे गेले. वल्हांडणाच्या सणाला यहुदी लोक स्तोत्र 113 ते 118 गायचे, तेव्हा त्या रात्री बहुतेक हेच गायलं असणार, आणि 118 म्हणजे काय आहे, परमेश्वराचे आभार माना कारण तो चांगला आहे, त्याची दया सनातन आहे, हा परमेश्वरानं नेमलेला दिवस आहे, यात आनंद करू. ज्या माणसाला माहीत आहे की उद्या आपल्याला खिळे मारणार आहेत तो हे गातोय! आणि तिथून निघून गेथशेमाने बागेत गेला तर म्हणतो, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय. मग आधीचं गाणं खोटं होतं का ताई? का खिन्नता खोटी होती? दोन्ही खरं होतं, एकाच रात्री, एकाच माणसात, आणि तो तर निष्पाप होता. मला आनंदानं उपासना म्हणजे काय हे कळलं ते इथूनच. खिन्नता जायची वाट पाहत बसायचं नाही, ती सोबत घेऊनच बापाच्या अंगणात जायचं.

दुखण्याबद्दल आभार माना असं मी कधीच सांगणार नाही. किडनी खराब होणं ही चांगली गोष्ट नाही, ती तशी म्हणायची गरजच नाही. आभार कशाचे, तर ख्रिस्त मेला आणि उठला, आणि ते डायलिसिसच्या मशीनमुळं बदलत नाही.

आता दुसरी गोष्ट. स्तोत्र 100 एकट्यादुकट्याला सांगत नाही, सगळ्या लोकांना मिळून सांगतं. आमच्या मोठ्या आईचं सांगतो. मोठे बाबा गेले त्यानंतर कितीतरी रविवार ती चर्चला यायची, मागच्या बाकावर बसायची, गाण्याचं पुस्तक मांडीवर बंद. कोणी तिला गा म्हटलं नाही, पण गाणंही कोणी बंद केलं नाही, बाजूच्या बाया तिला खेटून बसून मोठ्यानं गायच्या. एकदा घरी चहा पिताना म्हणाली, "मले शब्द निघत नव्हते, तुमी म्हणून राहिले होते तेच माझं मी धरत होती." मंडळी याच्यासाठी असते. ज्या दिवशी तुमच्या तोंडून निघत नाही त्या दिवशी बाजूच्या बाकावरचा तुमच्यासाठी गातो, आणि म्हणूनच तुम्ही घरी राहू नका असं मला अगदी कळकळीनं वाटतं.

ढोलकीचं मात्र मी ऐकणार नाही, सॉरी! स्तोत्र 150 मध्ये डफ आहे, नाच आहे, झणझणणाऱ्या झांजा आहेत. आणि आपण नागपूरवाल्यांनी तरी हे म्हणू नये, कारण रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच शहरात राहून गेले, इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना नवा करार मिळाला, 1895 मध्ये मुंबईला बाप्तिस्मा झाला. त्यापायी घरदार तुटलं, पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षं ताटातूट झाली, आणि अशा माणसानं मराठी मंडळीला अभंग दिले, भजनं दिली, कीर्तन दिलं. त्यांची गाणी आपण आजही रविवारी म्हणतो, त्यात गंभीरपणा कमी आहे असं कोण म्हणेल? हां, साउंड एवढा मोठा ठेवतात की बाजूच्याचा आवाज ऐकू येत नाही, ते मलाही नको आहे.

शेवटी नहेम्याच्या पुस्तकातल्या 8व्या अध्यायातलं एक राहिलं. नियमशास्त्र ऐकून लोक रडायला लागले तेव्हा त्यांना सांगितलं, दुःखी होऊ नका, परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ आहे. हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरी कॅलेंडरवर आहे. पण त्याच वचनात त्याच्या आधी सांगितलंय की ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना ताटं पाठवा, ते कोणी छापत नाही. गाणाऱ्या मंडळीनं ताट पाठवलं नसेल तर तुमचा राग मी समजू शकतो.

म्हणून विचारतो, भाऊजींचं डायलिसिस कोणत्या वारी असतं? सरकारी मेडिकलला नेता का खासगी दवाखान्यात? आमच्या घरभक्तीतल्या (घरी जमून प्रार्थना करतो त्या गटातल्या) बाया डबा द्यायला तयार आहेत आणि दोन पोरं न्यायला-आणायला येतील. इथं लिहायचं नसेल तर मेल करा, वार आणि वेळ तेवढी कळवा.