गच्चीवरचा देवदार : एका संदेशाचा प्रतिवाद

गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश फिरतो आहे : देवदाराचे रोप मुंबईच्या गच्चीत सहज जगते, त्याला कीड लागत नाही, शेंडा खुडत राहिल्यास ते कुंडीपुरतेच राहते आणि रात्रीही प्राणवायू देते. यातले एकही विधान टिकत नाही.

देवदार हा पश्चिम हिमालयात साधारण १,५०० ते ३,२०० मीटर उंचीवर वाढणारा वृक्ष आहे. मनालीच्या हिडिंबा मंदिराभोवती आपण जे देवदार पाहून येतो, त्यांना हिवाळाभर कडक थंडी मिळते; मुंबईत तशी थंडी पडत नाही आणि वर्षाचा २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. इथे या झाडाचा घात उन्हापेक्षा मुळाशी तुंबलेली ओल अधिक करते. निचरा थांबला की मुळे कुजू लागतात, सुया मात्र उशिरा पिवळ्या पडतात, आणि रोप तहानले असे समजून माणसे त्याला आणखी पाणी घालतात.

किडीचा दावा लाकडावरून उचललेला दिसतो. देवदाराच्या गाभ्याचे तेलकट लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही, म्हणून काश्मीर-हिमाचलातील जुन्या बांधकामांत ते वापरले गेले. पण तो गुण गाभ्याचा आहे, सुयांचा नव्हे. सुया फस्त करणाऱ्या अळ्या हिमालयातील देवदारवनांतही उच्छाद मांडतात.

चाळीस-पन्नास मीटर वाढू शकणाऱ्या झाडाचा नुसता शेंडा खुडला, तर ते बुटके न होता बेढब होते, कारण त्याचा निमुळता डौल त्या शेंड्यावरच उभा असतो. (बोन्सायची गोष्ट वेगळी, तिथे मुळांचीही छाटणी करावी लागते.) प्राणवायूविषयी एवढेच की अंधारात प्रकाशसंश्लेषण होत नाही.

मग ‘आमच्याकडे जगला’ असे सांगणारे खोटे बोलतात का? बहुधा नाही, त्यांच्याकडे देवदारच नसतो. ख्रिसमस ट्री म्हणून मिळणाऱ्या ॲरोकेरियाच्या फांद्या खोडाभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या, मजल्यामजल्याने निघतात. मोरपंखीची पालवी चपट्या, उभ्या पंख्यांसारखी असते. देवदाराच्या सुया मात्र आखूड डहाळ्यांवर झुपक्याझुपक्याने येतात आणि त्याच्या कोवळ्या शेंड्याची मान किंचित लवलेली असते. नावांचा घोळ जुनाच आहे : बंगालीत तर आपल्या खोट्या अशोकालाच देवदारू म्हणतात. ॲरोकेरियाची एक जात मूळची प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटावरची, खारा वारा सोसणारी आहे. त्यामुळे वरळीच्या गच्चीत ती जगली तर नवल नाही, मात्र कुंडीचे भोक तिथेही मोकळे राहायला हवे.