जखमांसकट उठलेला देह

क्रुसावर मेल्यानंतर येशू देहानिशी उठला की नुसता आत्मिक रूपात शिष्यांना दिसला, हा वाद ईस्टरच्या सुमारास हटकून निघतो. शिकलेसवरलेले बरेच जण हल्ली दुसऱ्या बाजूला झुकतात. देह मातीत गेला, आत्मा देवाकडे, हे पचायला सोपं जातं. मला ते पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

आधार नेहमी पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रेषिताचा दिला जातो. रक्तमांसाला देवाच्या राज्याचं वतन मिळत नाही, असं तो करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पहिल्या पत्रात लिहितो खरं. पण त्या पत्राच्या त्याच पंधराव्या अध्यायात तो दाण्याचा दाखला देतो. पेरलेलं एक दिसतं, उगवलेलं दुसरं दिसतं, तरी नातं तुटत नाही. पौलाला देहातून सुटका नको आहे, देह पालटलेला हवा आहे.

येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं तर दोन्ही बाजूंना अडचणीत आणतात. दारं बंद असताना येशू आत येतो. त्याची शिष्या मग्दालीया मरीया हिला तो आधी माळीच वाटतो. म्हणजे जुना देह जसाच्या तसा परत आला, असंही म्हणता येत नाही. पण लूक सांगतो की त्याने शिष्यांदेखत भाजलेला मासा खाल्ला. आणि योहानाच्या शुभवर्तमानात तो थोमा या शंका घेणाऱ्या शिष्याला म्हणतो, बोट घाल, हात पाहा. जखमा अजून तिथेच आहेत! रोमी सत्तेने ज्या देहाची भर चव्हाट्यावर विटंबना केली, तोच देह उठला. केवळ आत्मा उठला असता, तर त्या देहावर झालेला अन्याय तसाच राहिला असता.

इ.स. १७७ मध्ये गॉलमधल्या लुग्दुनमला, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लिआँ शहरात, ख्रिस्ती मंडळीचा भयंकर छळ झाला. त्यात ब्लांदिना नावाची एक गुलाम स्त्री होती. तिला खांबाला टांगून श्वापदांपुढे ठेवलं, शेवटी जाळ्यात गुंडाळून बैलापुढे टाकलं. हुतात्म्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळून राख ऱ्होन नदीत लोटली. यांना पुन्हा उठण्याची आशाच उरू नये, हा हेतू युसेबियस या प्राचीन चर्च-इतिहासकाराने जपलेल्या, त्या मंडळीच्या पत्रात स्पष्ट नोंदलेला आहे. या विश्वासाचं बळ कशात आहे, हे मारणाऱ्यांनीही ओळखलं होतं. ज्या बाईचा देह कायद्याने मालकाची मालमत्ता होता, तो देह देव उठवणार, असं ही माणसं म्हणत होती. 'आत्मा अमर आहे' एवढंच म्हटलं असतं, तर त्यात नवीन काय होतं? ते तर ग्रीक तत्त्वज्ञही सांगत होते.

राख नदीला मिळाली तरी त्या मंडळीने आशा सोडली नाही. म्हणून दहन केलं तर पुनरुत्थान कसं होणार, ही आपल्याकडच्या काही ख्रिस्ती घरांतली भीती मला निराधार वाटते. कॅथलिक चर्चने १९६३ मध्येच दहनाला मुभा दिली आहे. केसांचं आणि नखांचं काय होणार, याचाही ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मवेत्त्याने बारकाईने विचार केला. मला तो कणाकणाचा हिशेब गरजेचा वाटत नाही. उठेल ती ब्लांदिनाच असेल की तिच्या आठवणीसारखं काहीतरी, एवढाच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ती ब्लांदिनाच असेल, असं मी मानते.