थ्री-पिनची अर्थिंग आधी परत जोडा, सबवूफरचं त्यानंतर बघू

नमस्कार सर,

आमच्या दुकानातून घेतलेल्या सबवूफरवरचा (खोल बेस वाजवणारा स्पीकर, पुढे नुसता 'सब') तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. एक स्टार दिलात, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पैसे तुमचे गेलेत आणि मनासारखा आवाज मिळाला नाही, तर राग येणारच. पण तक्रारींच्या मधोमध तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रिशियनने सीपीयूच्या प्लगला टू-पिन कन्व्हर्टर (यात अर्थिंगची पिन तुटते) लावून दिला, सबवूफरचा हम (सतत घुमणारा आवाज) गेला, आता फक्त कॅबिनेटला हात लागला की चुरचुरतं. सर, तो कन्व्हर्टर आजच काढा. बाकी सगळ्याचं उत्तर देतो, पण हे पहिलं.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असते तेव्हा त्यांतून येणारा किरकोळ करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग तोडली की पत्र्यावर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येतं, म्हणजे 230 पैकी साधारण 115. ती चुरचुर त्याचीच. करंट थोडा आहे म्हणून आज फक्त चुरचुरतंय. उद्या आतमध्ये फेज बॉडीला टेकला तर तो वाहून न्यायला अर्थिंगची वायरच नाही.  अशा वेळी कोणी कॅबिनेटला हात लावला, तेही पावसाळ्यात दमट फरशीवर अनवाणी, तर काय होईल ते मला लिहवत नाही. घरात लहान मुलगी आहे असं तुम्हीच दुकानात बोलला होतात.

आता हम. पीस सदोष आहे असं तुमचं म्हणणं आहे. ते घरीच तपासता येतं. सबच्या मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिन दोन्ही काढा, पॉवर चालू ठेवा, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी. काहीच जोडलेलं नसताना सब घुमत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष आहे, मी बदलून देणार. गप्प बसला तर सब ठणठणीत आहे आणि हम बाहेरून येतोय.

माझा अंदाज दुसरा आहे, कारण तुम्हीच लिहिलंय की कॉम्प्युटर टेबलापाशी लावलाय आणि सब समोरच्या कोपऱ्यात, एसीच्या पॉइंटवर. दोन पॉइंट, दोन अर्थिंग, आणि दोघांत थोडा फरक असतोच. तो फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून (आतल्या वायरींभोवतीच्या धातूच्या वेष्टणातून) 50 हर्ट्झचा करंट फिरवतो आणि सब तो इमानदारीने वाजवतो. तुमच्या जुन्या स्पीकरांचे तीन इंची कोन इतकं खाली वाजवूच शकत नाहीत, म्हणून आजवर तुम्हाला हे ऐकू आलं नाही. उपाय असा की कॉम्प्युटर, स्पीकर आणि सब तिघांचे प्लग एकाच चांगल्या थ्री-पिन एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. सहा अँपिअरच्या बोर्डाला एवढा लोड जड नाही. बहुतेक वेळा इथेच काम होतं. नाहीच झालं तर सबच्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाकू, म्हणजे दोन अर्थिंगमधला हा फिरणारा करंट तोडणारी छोटी डबी. मी तो आधीच विकत नाही, कारण स्वस्त आयसोलेटरमधला ट्रान्सफॉर्मर इवलासा असतो आणि ज्या खोल बेससाठी तुम्ही सब घेतलात तोच तिथे पातळ होतो.

"स्प्लिटर गळ्यात मारला, मदरबोर्डला सबसाठी वेगळा नारंगी जॅक आहे" हेही तुम्ही लिहिलंत. (स्प्लिटर म्हणजे एका जॅकचे दोन फाटे करणारी केबल.) जॅक आहे, बरोबर. पण त्या नारंगी जॅकमध्ये सेंटर आणि सब असे दोन चॅनल असतात आणि साउंड सेटिंग स्टिरिओवर असेल तर तिथे काहीच येत नाही. तुम्हाला शांतता मिळाली ती यामुळे. सेटिंग 5.1 केलीत तर सिनेमातले संवाद सेंटरला जातील, आणि सेंटर स्पीकर तर तुमच्याकडे नाही. म्हणून हिरव्या जॅकला स्प्लिटर, एक फाटा स्पीकरला, दुसरा फाटा सबच्या डाव्या-उजव्या इनपुटला. तुमच्या सेटला हीच जोडणी योग्य आहे आणि मी आजही हीच सांगेन. डावं-उजवं एका पिनमध्ये एकत्र करणारी केबल मात्र कोणी दिली तरी घेऊ नका, त्यात दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात.

स्पीकरच्या नॉबने सब कमी होत नाही, हे खरं आहे आणि या जोडणीत तसंच होणार. नॉब स्पीकरच्या आत आहे, सबचा फाटा त्याच्या आधीच निघालाय. नॉबवर मार्करने एक खूण करून तो तिथेच सोडा, सबची लेव्हल एकदा जुळवा, पुढे आवाज फक्त कीबोर्डवरून. दोन्ही एकत्र कमी-जास्त होतील.

रात्री हळू लावल्यावर बेस गायब होतो ते ऑटो स्टँडबायमुळे. सिग्नल बारीक असला की सबला वाटतं काही चालू नाही, आणि तो झोपतो. मागचं स्विच ऑटोवरून ऑनवर करा.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सब वाजवतो ती हर्ट्झमधली सीमा, तुम्ही 60 वर ठेवलाय असं फोटोत दिसतं. मोठ्या स्पीकरांना 80 ठीक असतं, तुमच्या छोट्यांना 100 ते 120 मध्ये आणा, नाहीतर मधला पट्टा कोणीच वाजवत नाही. मग खुर्चीत बसा आणि घरातल्या कोणालातरी सबवरचं फेजचं स्विच (हा विजेचा फेज नव्हे) 0 आणि 180 असं फिरवायला सांगा. तबल्याचा डग्गा ज्या बाजूला भरून येईल ती बाजू ठेवा. सबखाली जाड रबरी मॅटही टाका, खालच्या मजल्यावर कमी दणदणेल.

एवढा जड सब उचलून लोकलने लॅमिंग्टन रोडला येऊ नका. आमचा टेक्निशियन परळला तुमच्याकडे येईल, व्हिजिटचे पैसे घेणार नाही. तो पहिल्यांदा तुमच्या पॉइंटची अर्थिंग टेस्टरने बघेल, जुन्या बिल्डिंगमध्ये कधीकधी तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. तसं निघालं तर वायरमनकडून ते आधी करून घ्या. हे सगळं करूनही आवाज पटला नाही तर खोक्यासकट परत घेऊन पूर्ण पैसे देतो. पावती सापडत नसेल तरी हरकत नाही, बिलबुकात नोंद आहे. रविवार सोडून कधीही बिलावरच्या नंबरवर फोन करा, आणि फोन करायच्या आधी तो कन्व्हर्टर काढलेला असू द्या.