मझल तोव, पण केव्हा?

ओळखीतल्या एकीला दिवस गेल्याचं कळलं आणि मंगेशने ग्रुपवर ठोकून दिलं, 'मझल तोव!' आमच्यातल्या ज्यू सॅमसनने कट्ट्यावर बसल्या बसल्या कपाळाला हात लावला.

"अरे, बाळ कुठंय अजून? मझल तोव पार पडल्यावर म्हणतात. साखरपुडा झाला, लग्नात नवरदेवाने पेला फोडला, मूल हाती आलं, की मग. गरोदर बाईला म्हणायचं 'बेशाआ तोवा', चांगल्या वेळी होवो. परीक्षेला निघालेल्याला 'बेहत्सलाखा'. मझल तोव निकाल लागल्यावर."

"म्हणजे बेस्ट लक नव्हे?"

"छे. अभिनंदन."

इथे वैशालीने चहाचा ग्लास खाली ठेवला. पत्रिकेचा विषय निघाला की ती ऐकून घेणाऱ्यातली नाही. "मझल म्हणजे रास ना रे? मग मझल तोव म्हणजे ग्रह चांगले. अभिनंदन कुठून आलं?"

"शब्दाचा अर्थ तोच, नक्षत्र, रास. आणि यावर तालमूदात, म्हणजे आमच्या रब्बींच्या, धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथातच जुंपलीय, शब्बात भागात, 156व्या पानावर. रब्बी हनीना म्हणतात, माणूस शहाणा, श्रीमंत होतो तो ग्रहांमुळे, आणि इस्रायललाही, म्हणजे ज्यू लोकांनाही, ग्रह लागू. रब्बी योहानान म्हणतात, इस्रायलला ग्रह नाही."

"कोण जिंकलं?"

"त्याच पानावर पुढे रब्बी अकीवांच्या मुलीची गोष्ट आहे. ज्योतिष्यांनी सांगितलं होतं, लग्नाच्या दिवशी साप चावून मरणार. त्या रात्री तिने केसातली पिन काढून भिंतीच्या फटीत खुपसली. सकाळी ओढली तर पिनेबरोबर साप बाहेर, डोळ्यात पिन रुतलेली. बापाने विचारलं, काल काय केलंस? तर संध्याकाळी दारात भिकारी आला होता, सगळे जेवणावळीत गुंतलेले, हिने आपलं ताट उचलून त्याला दिलं."

"म्हणजे योग होता, दानाने टळला," वैशाली म्हणाली. "आम्ही शांत करतो, तुम्ही दान. ज्योतिषी खोटा कुठे ठरला? साप तर होताच."

याला सॅमसनकडे चटकन उत्तर नव्हतं, हे नमूद करून ठेवतो.

मंगेशने दुसरी बाजू धरली. "आणि मलिदा, तुमचं ते गोड पोह्यांचं ताट? नवस बोलता, फेडता. एलियाहू हन्नाबीशी, तुमच्या प्रेषिताशी, सौदाच ना?"

"नवस आहे, नाकारत नाही. लग्नाआधी, नव्या घरात, लांबच्या प्रवासाला निघताना मलिदा होतो. पण ताटावर म्हणतो ती बेराखा, देवाची स्तुती. तिच्यात मागणं नसतं. 'बारूख अत्ता', धन्य तू, झाडाचं फळ निर्माण करणारा. पुढचं नाव आत्ता घेत नाही. समोर फळ नसताना म्हटली तर बेराखा वाया गेली."

मग ताट. पोहे जाड घ्यायचे, धुऊन निथळू द्यायचे. पातळ घेतले की लगदा. त्यात साखर किंवा गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा. सोबत फळं आणि वासाला फुलं किंवा सुगंधी पाला. इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण क्रमाचं. द्राक्षं, डाळिंब ताटात असली तरी खजूर त्यांच्या आधी, कारण तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात 8व्या अध्यायात वाग्दत्त भूमीची सात पिकं सांगितलीत, त्या ओळीतल्या जागेवरून मान ठरतो. केळं वेगळं.

"का? केळीच्या झाडाला लागतं की!"

"झाड कसलं? घड उतरवला की बुंधा गेला. म्हणून केळ्याला 'जमिनीचं फळ' ही बेराखा. खजुरावर चुकून जमिनीची बेराखा म्हटली तर चालून जाते, झाडही मातीतूनच उगवतं. केळ्यावर झाडाची म्हटली तर नाही चालत, पुन्हा म्हणावी लागते. आणि बेराखा ते पहिला घास, मध्ये गप्प. पाणी मागायचं असेल तर आधी माग."

"दिवसाला अशा किती?"

"शंभर. रब्बी मेइरांनी घालून दिलेलं."

वैशालीने बोटं मोजली. रोजच्या अमिदा प्रार्थनेत 19 बेराखा, दिवसातून तीनदा, म्हणजे 57. बाकीच्या जेवणखाण, हात धुणं, सकाळची प्रार्थना यांतून भरतात. पण शब्बाथला, म्हणजे शनिवारी, अमिदा 7 बेराखांची. चारदा म्हटली तरी 28. म्हणजे 29 कमी.

"म्हणूनच शनिवारी फळं जास्त खातात नि सुगंध हुंगतात," सॅमसन म्हणाला. "प्रत्येकाची वेगळी बेराखा. आकडा भरायचा."

"हा हिशोब नाही तर काय रे?" मंगेश.

"हिशोब आहेच. पण देणं फेडायचा, येणं वसूल करायचा नाही."

"आणि म्हाताऱ्यांना आयुष्य चिंतता ते?"

"'अद मेआ वेएस्रीम', एकशेवीसपर्यंत. आमचा प्रेषित मोशे 120 वर्षांचा होऊन गेला म्हणून."

"बघ! आम्ही शतायुषी म्हणून थांबतो. तुम्ही वर वीस मागून घेता, आणि म्हणे मागणं नाही!" वैशालीने चहाचे पैसे टेकवले.

मंगेश तोवर फोनवर खाली मान घालून बसलेला. "बेशाआ... यात शेवटी 'आ' सुटा लिहायचा ना?"